फाटक उघडलं नाही म्हणून

मागच्या मे महिन्यात मी गावी गेलो, ते आंब्यांसाठी कमी आणि सतरा कॅसेटींसाठी जास्त. वैभववाडी रोड स्टेशनवर पहाटे उतरलो, रिक्षाने घरी पोचलो, आणि चहा व्हायच्या आत आजीने माळ्यावरून बिस्किटांचा एक गंजलेला डबा काढून समोर ठेवला. आत आजोबांच्या भजनाच्या कॅसेटी. आमच्या गावच्या मुंबई मंडळातल्या पोरांनी यूट्यूब चॅनल सुरू केलाय, त्यांना 'जुन्या बाऱ्या' हव्या होत्या. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे गावाच्या हिशेबाने 'कॉम्प्युटरवाला'. प्रिंटर बिघडला तरी फोन मलाच येतो, तर हे काम दुसऱ्या कोणाकडे जाणार?

गावाचं नाव सांगत नाही. वैभववाडी तालुक्यातलं आहे एवढं पुरे. का सांगत नाही ते पुढे कळेल.

ज्यांनी डबलबारी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन बुवा, दोन पार्ट्या, समोरासमोर. प्रत्येक बुवाकडे पेटी, पखवाज, झांज आणि मागे कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याची, असं रात्रभर. अभंगाने सुरुवात होते, गौळण येते आणि मग गजर. गजरात बुवा मोकळा सुटतो. सिनेमाच्या चाली, पुराणातले अवघड प्रश्न, आणि समोरच्या बुवाची यथेच्छ टिंगल. लोक खरे येतात ते गजरासाठी. आजही पोस्टरवर 'जंगी सामना' असंच छापतात, हल्ली तर 'ट्वेंटी-ट्वेंटी डबलबारी'सुद्धा असते. देवाचं नाव घेण्याच्या कार्यक्रमाला सामना म्हणणं कोणाला खटकत नाही. मलाही लहानपणी नाही खटकलं.

आजोबा बुवा होते. फार मोठे नाहीत. परशुराम पांचाळ किंवा काशीराम परब यांच्यासारखं त्यांचं नाव अख्ख्या कोकणात नव्हतं. चार-पाच गावांत होतं. मला कायम वाटायचं की भजन आमच्या मातीतलं, आजोबांना ते त्यांच्या वडिलांकडून मिळालं असणार. आजीने हे ऐकून मला वेड्यात काढलं. पणजोबांना टाळसुद्धा धड धरता येत नव्हता म्हणे. आजोबा १९६२ साली अठराव्या वर्षी मुंबईला गेले, गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि लालबागच्या चाळीत गावकीच्या खोलीवर राहिले. पेटी ते तिथे शिकले.

ही गावकीची खोली हे गिरणगावातलं एक अजब प्रकरण होतं. एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेली एकच खोली. बायका-मुलं गावाला, पुरुष इथे. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की त्याच्याच वळकटीवर रातपाळीवाला येऊन झोपायचा. जेवण खानावळीत. आजोबा म्हणायचे की वीस जणांच्या त्या खोलीत एकच वस्तू सगळ्यांच्या मालकीची होती, ती म्हणजे पेटी. खिळ्याला टांगलेल्या ट्रंका आपापल्या, पेटी मंडळाची. गुरुवारी आणि शनिवारी भजन व्हायचं. आजोबा साचेखात्यात होते. तिथे मागांचा आवाज असा की शेजारचा माणूस काय बोलतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. वीस वर्षांत त्यांचा डावा कान गेला. त्यांची पट्टी एवढी वरची का, याचं उत्तर मला त्या माळ्याखाली मिळालं. गावात लोक त्याला 'आमच्या गावची वरची पट्टी' म्हणतात, परंपरा म्हणून.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोकण आणि घाटावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथे गेली, आणि त्यांची गाणीही तिथे गेली असं आपण म्हणतो. गाणी गेली हे अर्धंच खरं. बरीच गाणी तिथे झाली. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून आले, गिरणीत राबले, १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. विठ्ठल उमप तर नायगावातच जन्मले. प्रभादेवीचे भजन गाणारे वासुदेव भाटकर 'स्नेहल' या नावाने सिनेमात गेले. राज कपूर पहिल्यांदा नायक झाला त्या १९४७ च्या 'नीलकमल'चं संगीत त्यांचंच. भजनी बुवाचा हात त्या पेटीवर होता, हे किती जणांना ठाऊक असेल?

कॅसेटी साफ करताना रात्री मी यूट्यूबवर भरकटत होतो, तेव्हा शिकागोच्या पोलिश लोकांपर्यंत पोचलो. तीही गिरणगावासारखीच गोष्ट. पोलंडमधून आलेली माणसं पोलाद कारखान्यांत, कत्तलखान्यांत राबायची आणि शनिवारी रात्री हॉलमध्ये अ‍ॅकॉर्डियनवर पोल्का वाजवायची. गंमत म्हणजे पोल्का मुळात पोलंडचा नाहीच, तो बोहेमियातला, म्हणजे आजच्या चेक देशातला नाच. पण शिकागोत तो पोलिश माणसाची ओळख झाला. तिथला वॉल्टर जागिएलो, ज्याला सगळे लिल वॉली म्हणत, लहानपणापासून गायचा. मोठ्या कंपन्यांची वाट न पाहता त्याने १९५० च्या दशकात स्वतःची जे जे रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि स्वतःच स्वतःच्या तबकड्या काढल्या. तो २००६ मध्ये वारला, पण त्याचा आवाज मी वैभववाडीत बसून ऐकू शकतो. त्याच शिकागोत, त्याच हॉलमध्ये, त्याच्याइतकंच चांगलं वाजवणारे आणि सोमवारी पुन्हा भट्टीवर जाणारे कितीतरी असतील. ते मी ऐकू शकत नाही. कोणाकडे तबकडी काढायचं यंत्र होतं, एवढाच फरक.

हे डोक्यात घेऊन मी अकरावी कॅसेट लावली.

कॅसेटवर आजोबांच्या अक्षरात '१९८४, जत्रा' आणि समोरच्या बुवाचं नाव. ते बुवा शेजारच्या गावचे. तेही गिरणीत, पण दुसऱ्या. दोघे लालबागला एकाच खानावळीत जेवायचे, गणपतीला एकाच एसटीने गावी यायचे. अभंग छान झालाय. गौळण ठीक. मग गजर सुरू होतो आणि पहिल्या दोन मिनिटांत माझ्या लक्षात येतं, हा गजर संपाबद्दल आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. नुसता विरत गेला. मधल्या काळात हजारो लोक गावी येऊन राहिले, कारण मुंबईत खायला नव्हतं आणि गावाला निदान पेज होती. काही जण हळूहळू कामावर परत गेले. ज्यांना उशीर झाला त्यांच्यातल्या अनेकांना घेतलंच नाही, लाखभर लोकांची नोकरी कायमची गेली. आमचे आजोबा त्यांतले. समोरचे बुवा संप चालू असताना परत गेलेल्यांतले.

गजरात आजोबांनी लोणी चोरणाऱ्या कृष्णाचं मांजर केलंय. गिरणीच्या फाटकाच्या फटीतून आत शिरणारं, मालकाच्या ताटलीतलं दूध पिणारं, मिशा पुसून गावी येऊन भजन म्हणणारं मांजर. बुवांचं नाव नाही, पण त्यांच्या गावचं, त्यांच्या वाडीचं आणि त्यांच्या पखवाजवाल्याचं नाव येतं. लोक हसतात. मी मोजलं, एका जागी सलग बावीस सेकंद. माझ्या नॉइज रिमूव्हरने ते हसू गोंगाट समजून पुसून टाकलं होतं, मला ते परत आणावं लागलं.

खरं सांगायचं तर मलाही आवडला तो गजर. चोख आहे. चाल, यमक, मांजराचा आवाज, सगळं. चॅनलवर टाकला असता तर आमच्या मंडळाचा पहिला हिट झाला असता. आणि वर 'गिरणी संपाचा दुर्मीळ दस्तऐवज' असं लिहिलं असतं तर पुण्यामुंबईच्या अभ्यासकांनीही शेअर केला असता. तो दस्तऐवज आहेच. संपाबद्दल पुढारी काय म्हणाले ते पुस्तकांत आहे. संप हरलेला साचेवाला दुसऱ्या साचेवाल्याबद्दल काय गात होता, ते इथे आहे.

आजी दारात बसून ऐकत होती. गजर संपला तेव्हा म्हणाली, "ह्यां लोकांका ऐकवतलंस?"

मी म्हटलं, हो, विचार आहे.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ते पण गेल्ले. फाटक उघडलां नाय, म्हणान ते संपवाले."

त्र्याऐंशीच्या पावसाळ्याआधी आजोबा कोणाला न सांगता मुंबईला गेले होते. फाटकावर दोन दिवस उभे राहिले. यादी झाली, आता जागा नाही, असं ऐकून परत आले. गावात सांगितलं की मंडळाच्या कामाला गेलो होतो. एका वर्षाने जत्रेत मांजराचा गजर म्हटला.

माझा पहिला विचार असा होता की मग आजोबा ढोंगी. दुसरा विचार यायला दोन दिवस लागले आणि तो एका पुस्तकातून आला. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये एक प्रश्न मांडला, त्याला नैतिक नशीब म्हणता येईल. समजा दोन ड्रायव्हर दारू पिऊन करूळ घाट उतरतायत. दोघांच्याही गाड्या एका वळणावर बाजूला जातात. एकाच्या समोर कोणी नसतं, तो घरी जाऊन झोपतो. दुसऱ्याच्या समोर पोरगं येतं. दोघांनी केलं अगदी तेच. पण एकाला आपण बेजबाबदार म्हणतो आणि दुसऱ्याला आयुष्यभर खुनी. नेगल म्हणतो, आपण मानतो की माणसाला त्याच्या हातात होतं तेवढ्यासाठीच जोखावं, पण प्रत्यक्षात जोखतो ते जे घडलं त्यावर, आणि घडलेलं फार थोडं त्याच्या हातात असतं. त्याच्या आधी कांट सांगून गेला होता की चांगल्या हेतूचं मोल फळावर ठरत नाही. आणि फळावर आपला अधिकार नाही हे तर आमचे बुवा दर गुरुवारी गात होते. पण गजरात कोणी हेतूवर टाळ्या घेत नाही.

आजोबा आणि ते बुवा. दोघे फाटकापर्यंत गेले. एकाला आत घेतलं, तो फितूर झाला. दुसऱ्याला घेतलं नाही, तो गावात ताठ मानेने राहिला आणि त्याने गाणं रचलं. तो ताठपणा खोटा होता असंही मला म्हणवत नाही. नोकरी खरंच गेली होती, त्यांनी भात लावला, काजू विकले, डाव्या कानाने बहिरे होऊन चाळीस बाऱ्या केल्या. पण फाटकावरच्या रखवालदाराने यादीत एक नाव जास्त घातलं असतं, तर मांजर कोण झालं असतं?

शाहिराचं गाणं आणि बुवाचा गजर यांत इथे मला एक फरक दिसतो. अण्णाभाऊंचं गाणं मालकाविरुद्ध, सरकारविरुद्ध असायचं. ते लोक मैदानात नसायचे, त्यांना गाणं लागायचं नाही. गजर ज्याच्याविरुद्ध आहे तो माणूस दहा फुटांवर बसलेला असतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात माईक त्याच्या हातात जाणार असतो. आजोबा काहीही म्हणू शकत होते, कारण दुसरी बारी होती. रात्री वाट्टेल ते बोललेले बुवा पहाटे एकाच चुलीवरचा चहा प्यायचे. प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस तक्रार करतो की लिहिलेला शब्द कुठेही जाऊन पडतो, कोणाशी बोलावं आणि कोणाशी गप्प राहावं ते त्याला कळत नाही. यूट्यूबला ते त्याहून कमी कळतं. तिथे दुसरी बारी नसते, कमेंट असतात.

म्हणून मी कॅसेट उलटली. बी साइडला त्या बुवांची बारी असणार, उत्तर असणार. दोन्ही एकत्र टाकू, मग कोणाचं काही म्हणणं राहणार नाही, असा माझा सोपा हिशेब.

बी साइडला 'मैंने प्यार किया'ची गाणी होती. काकाने टेप केली असावीत.

बाकी सोळा कॅसेटी तपासल्या. सगळीकडे आजोबांचीच बारी. समोरच्याची जिथे जिथे होती तिथे वर काहीतरी भरलेलं, नाहीतर बारी सुरू व्हायच्या आत टेप बंद. टेप आमची, सेल आमचे, मग दुसऱ्याच्या बारीवर कोण खर्च करणार? यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. आणि तरी आज त्या रात्रीचा जो पुरावा उरलाय त्यात एकच पक्ष बोलतो. लिल वॉलीची आठवण आली. आजोबा हे आमच्या तालुक्याचे लिल वॉली, कारण टेपरेकॉर्डर त्यांच्याकडे होता.

अशा माणसांची गाणी जपली पाहिजेत, हे मी आधीही म्हणायचो. गिरणगाव मॉलखाली गेलं, निदान आवाज तरी राहू देत. पण कोणाचे आवाज? जपण्याच्या नावाखाली मी एका मेलेल्या माणसाची, त्याला उत्तर द्यायची सोय नसताना, जगभर टिंगल करणार होतो. युरोपात २०१४ पासून लोकांना काही बाबतींत सर्च इंजिनवरून आपलं नाव काढून घ्यायचा हक्क आहे. तो मिळवणाऱ्या स्पॅनिश गृहस्थाचं नाव त्या खटल्यामुळेच जगाला पाठ झालं, हा त्यातला विनोद. आपल्याकडे २०२३ चा डेटा कायदा आहे. मेलेल्या बुवाच्या लाजेबद्दल यांतल्या कशातून मला काही मिळालं नाही. मग वाटलं, ज्यांची ती लाज आहे त्यांनाच विचारावं.

बुवांची मुलगी तळेऱ्याला राहते. अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त. मी आजोबांचं नाव सांगितलं तेव्हा तिने मला नीट पाहून घेतलं आणि आत बोलावलं. मी आत्या म्हणालो, तिने चहा ठेवला. गजराबद्दल सांगताना माझी जीभ अडखळत होती. ती म्हणाली, माहीत आहे. ती तेव्हा वीस वर्षांची होती, बायकांच्या बाजूला बसली होती. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती त्या वर्षी. ती मोडली का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बुवा परत का गेले, तेही मी विचारलं नव्हतं, पण ते तिने सांगितलं. घरात चार पोरं आणि वाण्याची उधारी. मग जरा थांबून, "तुझ्या आज्याच्या घरात पण तसांच होता मा?"

मी आजीचं वाक्य तिला सांगितलं. सांगावं की नाही, याचा विचार मी वैभववाडीपासून तळेऱ्यापर्यंतच्या एसटीत करत आलो होतो. आजोबांची लाज देऊन मी माझं मन हलकं करत होतो का? असेलही. पण तिच्या वडिलांचं बिंग जत्रेत फुटलं होतं आणि आमचं चाळीस वर्षं माळ्यावर झाकलेलं होतं. हे तसंच ठेवून तिच्याकडे परवानगी मागणं मला जमलं नसतं.

ती काही बोलली नाही. मोबाइल घेऊन म्हणाली, लाव.

तिने गजर पूर्ण ऐकला. मांजराच्या आवाजाला किंचित हसलीसुद्धा. मग विचारलं, "आणि आमच्या बाबांची बारी खंय आसा?"

नाही, असं सांगितलं. तिच्याकडे वडिलांचा फोटो आहे, पेटी आहे, शाल आहे. आवाज कुठेच नाही. त्यांनी त्या रात्री काय उत्तर दिलं, ते तिला शब्दशः आठवत नाही. लोक हसले नाहीत, एवढं आठवतं.

मी फाइल बंद करणार तेवढ्यात तिने थांबवलं. गजर संपल्यावर, टाळ्या विरल्यावर, टेप बंद व्हायच्या आधी शेवटी थोडं काहीतरी शिल्लक होतं. मी ते बिनकामाचं म्हणून कापायच्या यादीत टाकलेलं. कोणीतरी सतरंजीवर सरकून बसतंय, पेटीचा एक सूर, आणि मग एक खालचा, शांत आवाज, "माईक वाढव रे जरा. येता मा आवाज?" लगेच खट्. टेप बंद.

सात सेकंद आहेत. तिने ते पाच-सहा वेळा लावायला सांगितले. मग म्हणाली, एवढंच कापून दे. मी तिथेच कापलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. तिने ते मुंबईच्या भावाला पाठवलं.

गजराचं काय करू, असं निघताना विचारलं. विचार करून सांगते, म्हणाली. त्याला आता आठ महिने होतील. मंडळाची पोरं ग्रुपवर अधूनमधून विचारतात, अकरा नंबर कधी टाकतोस. बाकीच्या सोळा मी टाकल्यात.